डोंगरी ते वाशीम : मुलांच्या न्यायाधीशाचा माग

२० डिसेंबर १९८६ हा सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांचा सर्वोच्च न्यायालयातील अखेरचा दिवस. दुसऱ्या दिवशी त्यांना ६५ वर्षे पूर्ण होणार होती. त्या दिवशी लागलेल्या निकालांपैकी दोन महत्त्वाचे. पहिला दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातील ओलियम वायुगळतीचा. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला नुकसानीच्या जबाबदारीतून कोणतीही सबब सोडवत नाही, हे तत्त्व त्याने घालून दिले आणि विधी महाविद्यालयांत तो आजही शिकवला जातो. दुसरा निकाल आकाराने लहान आहे. ‘शीला बारसे विरुद्ध सचिव, चिल्ड्रन्स एड सोसायटी’ हे त्याचे नाव, आणि विषय मुंबईच्या मानखुर्दमधील मुलांच्या निरीक्षणगृहाचा.

सरन्यायाधीश भगवती आणि न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांच्या खंडपीठाने त्यात जे म्हटले त्याचा आशय असा : बाल न्यायालयात बसणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याला विशेष प्रशिक्षण हवे. नेहमीचाच अधिकारी बसवायचा आणि त्या न्यायालयाला बाल न्यायालय म्हणायचे, एवढ्याने कायद्याची अपेक्षा पूर्ण होत नाही. तेवढे पुरेसे असते तर कायद्याने वेगळे न्यायालय निर्माण करण्याची गरजच नव्हती.

महाराष्ट्रातील बालन्यायाचा इतिहास या विधानापासून मागे आणि पुढे वाचता येतो. त्यासाठीची साधने साधी आणि उघड आहेत : कायद्यांची कलमे, तुरुंग समितीचा अहवाल, गॅझेटिअर, निकालपत्रे. ती एकापुढे एक ठेवली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. मुलांसाठी वेगळा न्यायाधीश हवा, ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच कायद्यात आली. ती मुंबईतून वाशीमसारख्या जिल्ह्यापर्यंत पोहोचायला मात्र अनेक दशके लागली, आणि मधल्या काळात मुलाच्या वाट्याला कोणता न्याय येणार हे त्याच्या वयापेक्षा त्याच्या गावाच्या हद्दीवर अधिक अवलंबून राहिले.

मानखुर्दची तक्रार

शीला बारसे या मुंबईतील मुक्त पत्रकार. मे १९८२ मध्ये त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्या पत्राचीच याचिका झाली आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये महिलांच्या कोठड्यांविषयी निर्देश निघाले. यानंतर त्यांचे लक्ष मुलांकडे वळले.

मानखुर्दच्या निरीक्षणगृहाबद्दल त्यांनी मुंबई उच्च न्यायालयासमोर मांडलेले आक्षेप निकालपत्रात नोंदले आहेत. मुलांना त्यांच्या आईवडिलांकडे परत पोचवायला विलंब होतो. मुलाला ताब्यात घेताना आणि त्याच्याविषयी आदेश देताना पुरेसा विचार होत नाही. दाखल झाल्यानंतर त्याच्या प्रकरणाचा पाठपुरावा होत नाही. मुलांकडून काम करून घेतले जाते आणि त्याचा मोबदला मिळत नाही. या यादीत क्रौर्याच्या सनसनाटी कथा नाहीत. सह्या होतात, तारखा पडतात, मूल मात्र तिथेच राहते. बालन्यायाची खरी परीक्षा अशा रोजच्या दिरंगाईतच होते, हे बारसे यांनी ओळखले होते.

उच्च न्यायालयाने काही निर्देश दिले. बारसे यांना ते अपुरे वाटले, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे तीन गोष्टी ठरल्या. चिल्ड्रन्स एड सोसायटी ही कागदोपत्री नोंदणीकृत संस्था असली तरी प्रत्यक्षात ती राज्याचेच साधन आहे, त्यामुळे मूलभूत हक्कांची बंधने तिलाही लागू होतात. निरीक्षणगृहात मुलाला फार काळ ठेवू नये, आणि जोवर तो तिथे आहे तोवर त्याचा दिवस त्याला रुचेल आणि त्याचा आत्मविश्वास वाढवील अशा उद्योगात जावा. तिसरी गोष्ट न्यायाधीशाच्या प्रशिक्षणाची. ज्या संस्थेवर हा निकाल लागला ती त्या वेळी जवळजवळ ६० वर्षांची होती. तिचा जन्म ज्या सुधारणेतून झाला, ती सुधारणा समजून घ्यायची तर आणखी मागे जावे लागते.

न्यायाधीश नसलेला काळ

१८६० च्या भारतीय दंड संहितेने वयाच्या दोन रेषा आखल्या. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नाही. सात ते बारा या वयात मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम कळण्याइतकी समज आली नसेल तर तोही गुन्हा नाही. बारा पूर्ण झालेला मुलगा दंड संहितेच्या दृष्टीने प्रौढाच्या रांगेत उभा होता.

त्याच्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे जी साधने होती ती वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली दिसतात. १८५० च्या १९ व्या कायद्याने दहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील अनाथ किंवा गरीब मुलाला, तसेच भटकेपणा किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला, कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून देता येत असे. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगाराला दुसऱ्या शिक्षेऐवजी फटके देण्याची मुभा दिली. तुरुंगापेक्षा ते बरे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. ही शिक्षा देशातून रद्द झाली ती १९५५ मध्ये. १८७६ च्या कायद्याची जागा घेणारा १८९७ चा रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्ट पंधरा वर्षांखालील मुलग्यांसाठी होता. शिक्षा झालेल्या मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत पाठवण्याची तरतूद त्यात होती. मुलींना या कायद्यात स्थान नव्हते.

मुंबईत अशा मुलांसाठीची संस्था त्याआधीच उभी राहिली होती. डेव्हिड ससून यांच्या देणगीमुळे त्यांचे नाव लागलेली सुधारशाळा १८५७ पासूनची. म्हणजे शाळा होती, कायदा होता, शिक्षेचे पर्यायही होते. त्या मुलासमोर बसणारा माणूस मात्र तोच होता, जो सकाळी दरोड्याचा आणि दुपारी शेतसाऱ्याच्या वादाचा निकाल देत असे. मूल कोणत्या घरातून आले, शाळा का सुटली, चोरी कशासाठी केली, हे विचारणे त्याच्या कामाचा भाग नव्हते. कायद्यापुढचा प्रश्न एवढाच होता : गुन्हा घडला की नाही, आणि घडला असेल तर यांतली कोणती शिक्षा?

डेन्व्हरचा न्यायाधीश

हा प्रश्न बदलण्याचे काम प्रथम अमेरिकेत झाले. इलिनॉय राज्याच्या कायद्यानुसार जुलै १८९९ मध्ये शिकागोत बाल न्यायालय सुरू झाले. त्या चळवळीला चेहरा मिळाला तो कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात, बेंजामिन बार लिंडसे यांच्या रूपाने. लिंडसे यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८६९ चा, टेनेसी राज्यातील जॅक्सनचा. ते १८ वर्षांचे असताना कर्जबाजारी वडिलांनी आत्महत्या केली. घर चालवता चालवता त्यांनी वकिली पूर्ण केली आणि १९०१ मध्ये ते काउंटी न्यायाधीश झाले.

आपल्या आत्मपर लेखनात त्यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. रेल्वेमार्गावरचा कोळसा चोरल्याबद्दल एका मुलाला त्यांनी सुधारशाळेची शिक्षा सुनावली आणि न्यायालयातच त्याच्या आईने हंबरडा फोडला. रात्री ते त्या मुलाच्या घरी गेले. वडील शिशाच्या विषबाधेने अंथरुणाला खिळलेले होते आणि कोळसा घरात ऊब राहावी म्हणून चोरलेला होता. लिंडसे यांनी शिक्षा थांबवली. १८९९ च्या शाळाविषयक कायद्यातली एक तरतूद त्यांनी शोधून काढली आणि मुलांची प्रकरणे फौजदारी गुन्हा म्हणून न चालवता त्या तरतुदीखाली चालवायला सुरुवात केली. मुलांनी शनिवारी शाळेतल्या वागणुकीचा दाखला घेऊन न्यायालयात यायचे, ही त्यांची पद्धत. सुधारशाळेत जाणाऱ्या मुलाच्या हातात कागद देऊन त्याला पहाऱ्याविना एकटे पाठवायचे, ही दुसरी. मुलाला बिघडवण्यात हातभार लावणाऱ्या प्रौढाला जबाबदार धरणारा कायदा त्यांनी कोलोरॅडोत करवून घेतला.

सत्ताधाऱ्यांचे शत्रुत्व त्यांनी ओढवून घेतले होते. निवडणुकीच्या वादातून १९२७ मध्ये त्यांचे पद गेले, तेव्हा त्यांनी आपल्याकडच्या मुलांच्या प्रकरणांचे कागद मोकळ्या जागेत नेऊन जाळले. मुलांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नयेत, हे कारण. १९३४ मध्ये ते लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा न्यायाधीश म्हणून निवडून आले. २६ मार्च १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतापर्यंत हा विचार कोणत्या वाटेने आला, याचा कागदोपत्री पुरावा आहे. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने ब्रिटनबरोबर अमेरिका, जपान आणि फिलिपिन्समधील व्यवस्थाही पाहिल्या. मुलांना तुरुंगात टाकू नये, त्यांच्यासाठी रिमांड होम असावीत आणि शक्य तितकी अनौपचारिक कार्यपद्धती असलेली वेगळी न्यायालये असावीत, अशी शिफारस तिने केली. मद्रासचा चिल्ड्रन ॲक्ट १९२० चा, बंगालचा १९२२ चा, मुंबईचा १९२४ चा. तीन प्रांतांनी पाच वर्षांच्या आत कायदे केले.

डोंगरीची वास्तू

मुंबईचा कायदा १९२४ मध्ये मंजूर झाला आणि शहरात प्रत्यक्ष अमलात आला १९२७ मध्ये. त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिच्या मुख्य संस्थांपैकी एक डोंगरी-उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या आवारात आली. मराठी वाचकाला हा तुरुंग चांगला परिचित आहे. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले ते याच डोंगरीच्या तुरुंगात, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. ज्या भिंती कैद्यांसाठी बांधल्या होत्या त्यांच्या आत आता मुले आली. इमारत बदलण्याआधी कायदा बदलला होता आणि जुन्या इमारतीत नवी वागणूक रुजवण्याचे काम माणसांवर येऊन पडले होते.

ती माणसे तयार करण्याची सोय मुंबईत हळूहळू झाली. नागपाड्यात १९२६ मध्ये नेबरहुड हाउस सुरू करणारे क्लिफर्ड मॅनशार्ट १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर शाळेचे पहिले संचालक झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणारा आणि त्याच्या सुटकेनंतरही त्याच्याकडे लक्ष ठेवणारा परिवीक्षा अधिकारी प्रशिक्षित असला पाहिजे, हा विचार इथे अभ्यासक्रमात उतरला. बाल न्यायालयाचा न्यायाधीश जो निर्णय घेतो, त्याचा निम्मा आधार या अधिकाऱ्याच्या अहवालात असतो. अहवाल चार ओळींचा, छापील नमुन्यातला असेल तर सर्वांत सहृदय न्यायाधीशालाही मूल दिसत नाही.

१९४८ मध्ये मुंबई राज्याने नवा, अधिक विस्तृत कायदा केला. १९८६ च्या मानखुर्द निकालात ज्याची कलमे तपासली गेली तो हाच कायदा. प्रशिक्षित समाजकार्यकर्ते, स्वतंत्र संस्था आणि वेगळे न्यायालय असलेल्या देशातील सर्वांत संपन्न शहरातही ६० वर्षांनी तक्रार उरली होती. बाकी महाराष्ट्राचे काय, हा प्रश्न यातूनच उभा राहतो.

वऱ्हाडची वेगळी वाट

वऱ्हाडातल्या वाशीमचा कायदेशीर इतिहास मुंबईहून पूर्ण निराळा आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली आले, तरी सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. १९०२ च्या करारानंतर ते कायम भाडेपट्ट्याने घेतले गेले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तिथे आपोआप लागू होत नसे. परराष्ट्र अधिकारक्षेत्राच्या हुकमाखाली अधिसूचना काढून तो लागू करावा लागे. वऱ्हाडातल्या कायद्यांची ही गुंतागुंत सोडवण्यासाठी १९४१ मध्ये स्वतंत्र बेरार लॉज ॲक्ट करावा लागला.

त्या काळातला ‘बासीम’, म्हणजेच वाशीम, हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी कमी. १८९९-१९०० च्या दुष्काळाचा आघात या आकड्यात आहे. जो प्रदेश दहा वर्षांत आपल्या नऊ माणसांमागे एक गमावतो, तिथे आईबाप हरपलेली, शाळा नसलेली, पोटासाठी हात पुढे करणारी किंवा धान्य उचलणारी मुले असणारच. १८५० चा आणि १८९७ चा कायदा ज्या मुलाला समोर ठेवून लिहिला होता, तो मुलगा हाच. १९०५ मध्ये बासीम जिल्हाच मोडला. वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्यात गेले, पुसद यवतमाळकडे.

मध्य प्रांताने १९२८ मध्ये दोन कायदे पाठोपाठ केले. नववा बोर्स्टल ॲक्ट, म्हणजे तरुण गुन्हेगारांना तुरुंगाऐवजी सुधारसंस्थेत ठेवण्याचा, आणि दहावा चिल्ड्रन ॲक्ट. प्रांताची बोर्स्टल संस्था नर्मदाखोऱ्यात, नरसिंहपूरला होती. तिथे जाणाऱ्या वऱ्हाडी पोराला आपली भाषा बोलणारे माणूस भेटणे कठीण, आणि शेतमजुरी करणाऱ्या बापाला त्याची भेट घेणे त्याहून कठीण. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, नरसिंहपूर मध्य प्रदेशात राहिले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. एकाच आयुष्यात वाशीमच्या माणसाने तीन प्रांतांचे कायदे पाहिले. डोंगरीत १९२७ पासून रुजत गेलेला अनुभव, तिथला परिवीक्षा अधिकारी, तिथले समाजकार्याचे शिक्षण यांपैकी काहीही या हद्दी ओलांडून आपोआप आले नाही. चिल्ड्रन ॲक्ट विधिमंडळात मंजूर होणे आणि तो एखाद्या जिल्ह्यात जिवंत होणे या दोन वेगळ्या घटना होत्या.

भगवतींचा मार्ग

हे अंतर राष्ट्रीय प्रश्न म्हणून मांडण्याचे श्रेय शीला बारसे यांच्या आणखी एका याचिकेला आणि ती ऐकणाऱ्या न्यायाधीशाला जाते. भगवती बाल न्यायालयात कधी बसले नव्हते. त्यांचा जन्म १९२१ चा, अहमदाबादचा. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात, वकिली मुंबई उच्च न्यायालयात. १९६० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, १९६७ मध्ये तिथले मुख्य न्यायाधीश, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात.

त्यांच्या कारकिर्दीवर एक मोठा डाग आहे आणि तो झाकून पुढे जाणे योग्य नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी ज्या बहुमताने आणीबाणीत नागरिकाला स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही असे ठरवले, त्या बहुमतात ते होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी त्याआधी नागरिकांच्या बाजूने कौल दिला होता. २०११ मध्ये, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, भगवतींनी तो निर्णय चुकीचा होता असे जाहीरपणे मान्य केले.

आणीबाणीनंतरचे त्यांचे निकाल मात्र सातत्याने तुरुंगातल्या अनाम माणसाकडे वळलेले दिसतात. १९७९ मध्ये बिहारच्या कच्च्या कैद्यांचे हुसेनआरा खातून प्रकरण. १९८२ मध्ये कानपूरच्या तुरुंगात प्रौढांबरोबर ठेवलेल्या अल्पवयीन मुलांच्या लैंगिक छळाचे प्रकरण. १९८४ मध्ये परदेशात दत्तक जाणाऱ्या मुलांसाठी नियम. १९८५ मध्ये ते सरन्यायाधीश झाले त्याच वर्षी बारसे यांची याचिका आली : देशभरच्या तुरुंगांत असलेल्या १६ वर्षांखालील मुलांना बाहेर काढा.

एप्रिल आणि ऑगस्ट १९८६ चे या प्रकरणातील आदेश नीट वाचले तर त्यांतली कार्यपद्धती लक्षात येते. न्यायालयाने तत्त्वावर थांबण्याऐवजी माणसे नेमली. जिल्हा न्यायाधीशांनी दंडाधिकाऱ्यांना तुरुंगांत आणि दुय्यम कारागृहांत पाठवावे. विधी सहाय्य मंडळाने दर आठवड्याला दोन वकील प्रत्येक तुरुंगात धाडावेत. मुलांचे खटले बाल न्यायालयातच चालावेत, नियमित फौजदारी न्यायालयात नव्हे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तपास तीन महिन्यांत संपला नाही तर प्रकरण मिटले असे समजावे, आणि आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत सुनावणी पूर्ण व्हावी. कागदावर असूनही लागू न केलेले चिल्ड्रन ॲक्ट लागू करावेत. आणि संसदेने सर्व देशासाठी एकच कायदा करावा.

तो कायदा झाला. बाल न्याय अधिनियमाला १ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, २ ऑक्टोबर १९८७ पासून तो अमलात आला. बालमानसशास्त्राचे आणि बालकल्याणाचे विशेष ज्ञान असल्याशिवाय कोणाला बाल न्यायालयाचा दंडाधिकारी नेमू नये, असे त्यात लिहिले गेले. त्याच्यासोबत दोन मानद समाजकार्यकर्ते, त्यांतली किमान एक स्त्री. १९२० च्या तुरुंग समितीने पाहिलेला वेगळा न्यायाधीश आता देशाच्या कायद्यात उभा होता.

प्रत्येक जिल्ह्यासाठी

१ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार ११,९७,१६० लोकसंख्या. २००० च्या नव्या बाल न्याय अधिनियमाने मुलगा-मुलगी दोघांसाठी वयाची मर्यादा १८ केली आणि बाल न्यायालयाच्या जागी बाल न्याय मंडळ आणले : एक न्यायदंडाधिकारी, दोन समाजकार्यकर्ते. पण मंडळ ‘जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी’ असू शकत होते. वाशीमसारख्या लहान जिल्ह्याच्या दृष्टीने या शब्दांचा अर्थ मोठा आहे. गट म्हणजे जुने जिल्हा ठिकाण, आणि वाशीमच्या पालकाला अकोल्यापर्यंत सुमारे ८० किलोमीटर. रोजंदारी बुडवून येणाऱ्या आईची तारीख चुकली की पुढच्या तारखेपर्यंत मूल आत राहते. २००६ च्या दुरुस्तीने ही मोकळीक काढून घेतली : एका वर्षाच्या आत प्रत्येक जिल्ह्यासाठी मंडळ असलेच पाहिजे. मुंबईत बाल न्यायालयाचा कायदा अमलात आल्यानंतर ७९ वर्षांनी वाशीमच्या मुलाला स्वतःच्या जिल्ह्यात वेगळ्या न्यायाधीशाचा कायदेशीर हक्क मिळाला.

२०१५ चा अधिनियम, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, त्यात मागच्या शतकाच्या खुणा कलमाकलमांत सापडतात. नेमणुकीपासून ६० दिवसांच्या आत मंडळाच्या सदस्यांना प्रशिक्षण, हा मानखुर्द निकालाचा माग. चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिने, आणि किरकोळ गुन्ह्यात मुदत संपली तर कार्यवाही संपुष्टात, हा ऑगस्ट १९८६ च्या आदेशाचा माग. मंडळाने दरमहा निरीक्षणगृहाची तपासणी करावी आणि प्रौढांच्या तुरुंगातही कोणी मूल अडकले नाही ना हे पाहावे, हा एप्रिल १९८६ चा. मंडळाची बैठक मुलाला धाक वाटणार नाही अशा जागी व्हावी, हा तुरुंग समितीचा.

यातली एक तपासणी चुकली तर काय होते, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने दाखवले. १९९४ च्या पुण्यातील हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या राजस्थानातील शाळेचा दाखला अखेर सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. गुन्ह्याच्या वेळी तो १२ वर्षे ६ महिन्यांचा होता. २७ मार्च २०२३ रोजी सुटकेचा आदेश झाला तेव्हा त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. खटल्यात त्याचे नाव वेगळे नोंदले गेले होते. शाळेतला एक दाखला पहिल्याच आठवड्यात कोणी मागवला असता तर तो फाशीच्या कोठडीत पोचलाच नसता. वीटभट्टीवर, ऊसतोडीवर, बांधकामावर गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांची मुले ज्या जिल्ह्यांतून येतात, तिथल्या मंडळाने वयाचा कागद शोधणे हे न्यायदानातले पहिले काम मानले पाहिजे.

कोणत्या नोंदी मिटाव्यात, कोणत्या राहाव्यात

बालन्यायाचा इतिहास लिहिताना एक मर्यादा मनापासून मान्य करावी लागते. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. बहुतेक प्रकरणांत अपिलाची मुदत संपल्यावर दोषसिद्धीची नोंद नष्ट करायची असते. मोठेपणी नोकरी मागताना, लग्न ठरताना, निवडणूक लढवताना बालपणीची चूक त्याच्या आड येऊ नये, हा त्यामागचा हेतू. लिंडसे यांनी १९२७ मध्ये स्वतःच्या जबाबदारीवर जे केले, ते आज आपल्याकडे नियम म्हणून होते. अभ्यासकाने ही रिकामी जागा भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. ते त्या मुलांचे संरक्षण आहे.

व्यवस्थेला मात्र हे संरक्षण लागू नाही. किती चौकशा चार महिन्यांत संपल्या, किती मुले निरीक्षणगृहात मुदतीपलीकडे राहिली, दंडाधिकाऱ्याला आणि समाजकार्यकर्त्यांना प्रशिक्षण कधी मिळाले, दरमहाच्या तपासणीत काय आढळले, परिवीक्षा अधिकारी किती आणि त्यांच्याकडे प्रकरणे किती, या माहितीत कोणत्याही मुलाचे नाव येत नाही. बालन्यायाच्या अंमलबजावणीवर उच्च न्यायालयांनी स्वतःहून देखरेख ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा प्रकरणात सांगितले आहे. मे २०२४ मध्ये पुण्यातील अल्पवयीन चालकाच्या मोटार अपघातानंतर बाल न्याय मंडळ हे नाव घरोघरी पोचले, पण एका गाजलेल्या आदेशावरून ही संस्था ना समजते, ना सुधारते. तिचा कस लागतो तो ज्या शेकडो प्रकरणांची बातमी होत नाही त्यांत.

म्हणून प्रत्येक जिल्ह्याच्या मंडळाने, वाशीमच्याही, आपल्या कामाची नावे वगळलेली नोंद दरवर्षी प्रसिद्ध करावी आणि ती जतन व्हावी. डोंगरीपासूनचा सारा इतिहास सांगतो की मुलांसाठी चांगला न्यायाधीश केवळ कायद्याने मिळत नाही. तो शिकवावा लागतो, त्याला माणसे द्यावी लागतात आणि त्याच्या कामाकडे सतत पाहावे लागते. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकाला वाशीमच्या मंडळाचा इतिहास या नोंदींवरूनच लिहिता येईल, आणि आज ज्यांची मुले त्या मंडळासमोर उभी राहतात त्यांना हिशेब मागायचा तर तोही यांच्याच आधारे मागता येईल.